डॉमनिकरावांचं तिसरं कोटेशन

आमच्या गिरगावच्या वाडीत कुणी नवीन काही घेतलं की गॅलरीतून हमखास आवाज येतो, "तिसरं कोटेशन कुठाय?" मिक्सर असो, मोबाईल असो, नाहीतर मुलीला सांगून आलेलं स्थळ असो. नव्या भाडेकरूंना वाटतं, ही काहीतरी जुनी म्हण असणार. म्हण कसली! ते तळमजल्यावरचे डॉमनिकराव. दोन वर्षं होतील आता, ते वसईला राहायला गेले. जाताना सामान नेलं, हे वाक्य तेवढं ठेवून गेले.

'राव' माझ्या सासूबाईंनी लावलेलं. "एवढा शिस्तीचा माणूस, नुसतं डॉमनिक कसं म्हणायचं?" असं त्यांचं म्हणणं. उंच, किडकिडीत, सदऱ्याची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली. खिशात पेन्सिल आणि स्टीलची गुंडाळायची टेप. एखादी वस्तू समोर आली की इतरांना शिंक यावी तशी त्यांची टेप बाहेर यायची. माझं लग्न होऊन मी वाडीत आले तेव्हा या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी माझ्या रुखवतातल्या पाटाची लांबीरुंदी घेतली. मला वाटलं, वाडीचा सुतार आहे.

नोकरी एका औषध कंपनीत, खरेदी खात्यात. तिथे शिकलेले तीन नियम त्यांनी आयुष्यभर देवाच्या आज्ञांसारखे पाळले. एक, तीन ठिकाणची कोटेशनं आल्याशिवाय काहीही घ्यायचं नाही. दोन, तिन्हींचा तक्ता मांडून गुण द्यायचे. आणि तिसरा नियम सगळ्यात कडक: वस्तू जो वापरणार, त्याची आणि विकणाऱ्याची गाठ पडू द्यायची नाही.

"का हो?" मी एकदा विचारलं.

"वापरणाऱ्याला काहीतरी आवडतं, वहिनी. आवडलं की चेहऱ्यावर दिसतं. चेहऱ्यावर दिसलं की भाव संपला."

मासळीच्या बाबतीतही हेच. वाडीत टोपली घेऊन मावशी यायच्या. डॉमनिकराव पहिलीला ओट्यावर बसवून ठेवायचे, मग दुसरीची वाट बघायची, मग तिसरीची. तिघी आल्या की प्रत्येकीच्या पापलेटाचे कल्ले उघडून बघायचे, टेप लावायची, हिरव्या कापडी बांधणीच्या वहीत लिहायचं. एकदा थोरली मावशी उठून उभी राहिली. "मेल्या डॉमनिक, मासा घेतोस की सून बघतोस? तुझं लिहून होईस्तवर माझा मासा म्हातारा झाला!" तोवर मी तिन्ही टोपल्यांतली बरी बरी पापलेटं उचललेली असायची. डॉमनिकरावांच्या वाट्याला बोंबील. टेसी, म्हणजे त्यांची बायको, दारातून म्हणायची, "मालू, आज पण आमचे बोंबीलच ना गं?"

आता माझं सांगते, म्हणजे त्यांच्यावर हसण्याचा मला किती अधिकार आहे ते कळेल. मी अगदी उलट्या जातीची. दिसलं की पसंत. हिंदमाताला साडी घ्यायला गेले की पहिल्या दुकानातली पहिली साडी माझी. पहिल्या धुण्यात तिचा रंग सासऱ्यांच्या धोतरावर गेला तरी मी म्हणायचे, "पण दिसायला काय सुरेख होती!" स्थळही मी एकच पाहिलं. हे चहा पिताना बशीतून फुरका मारत नाहीत एवढं बघितलं आणि हो म्हटलं. लग्नानंतर कळलं, त्या दिवशी ह्यांची जीभ भाजली होती.

आमच्या घरात पहिला फ्रीज आला तो लालभडक. दुकानात कबुतरी होते, निळे होते, पण लाल एकच होता आणि तो मला खुणावत होता, असं मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. हमालांनी तो ओट्याशेजारी ठेवला आणि दार उघडायला गेले तर दार भिंतीला आपटलं. चार बोटं उघडायचं, पुढे नाही. डॉमनिकराव वर आले, टेप लावली आणि हळहळले. "दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघितलं होतं का, वहिनी?"

"रंग बघितला होता."

अकरा वर्षं मी त्या फटीतून हात घालून दूध काढलं. भोपळा कधी ठेवता आला नाही. पण कुणी फ्रीजबद्दल विचारलं की मान वर करून सांगायचे, लाल आहे.

त्याच सुमारास मी त्यांना डिवचलं. "टेसीच्या वेळी किती कोटेशनं मागवली होती हो तुम्ही?" डॉमनिकराव कानापर्यंत लाल झाले, टेप खिशात घातली आणि जिना उतरून गेले. मी पुढे वर्षानुवर्षं अधूनमधून विचारत राहिले. उत्तर नाहीच.

तर गाडीची गोष्ट. गाडी त्यांनी जन्मात घेतली नव्हती. गरज काय? चर्च चालत, बाजार चालत, उरलेलं बसने. पण टेसीचे गुडघे गेले. आधी काठी आली, मग वॉकर आला. तरी ती टॅक्सीने रविवारी चर्चला जायची. एका रविवारी चर्चच्या दारात टॅक्सी थांबली आणि टेसीला उठताच येईना. मागची सीट खोल गेलेली, गुडघे छातीशी आलेले. शेवटी टॅक्सीवाला, दोन तरुण पोरं आणि डॉमनिकराव अशा चौघांनी तिला ओढून बाहेर काढलं. सगळं चर्च बघत होतं. टेसी कशी? केस नीट बसवल्याशिवाय दाराबाहेर दूध घ्यायला न येणारी. घरी आली आणि म्हणाली, "संपलं. मला कुणी पोत्यासारखं ओढायचं नाही. मी आता बाहेर जाणार नाही."

आणि नाही गेली. दीड वर्ष ती त्या दोन खोल्यांत आणि दारातल्या खुर्चीवर. वसईला तिची धाकटी बहीण फिलो एकटी राहायची. दर नाताळला टेसी तिच्याकडे जायची, तेही तुटलं. दोघी बहिणी रोज मोबाईलवर एकमेकींना बघायच्या आणि भांडायच्या. फोन ठेवला की टेसी बराच वेळ काळ्या झालेल्या पडद्याकडे बघत बसायची. एक दिवस डॉमनिकराव तिला म्हणाले, "टेसी, पुढच्या नाताळला तू फिलोकडे जेवशील. माझ्या गाडीतून." आणि हिरवी वही उघडली.

एका मेव्हण्याच्या जुन्या गाडीवर त्यांनी पूर्वी हात साफ केलेला होता. लायसन्स तर वेळच्या वेळी नवं करून घेतलेलं. तरी सराव हवा म्हणून ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. तीन स्कूलमध्ये. तिन्हीकडे एकेक चाचणी धडा घेऊन त्यांनी मास्तरांना गुण दिले.

मग गाड्या. नावं त्यांनी वहीत लिहिलीच नाहीत. "नाव घेतलं की मन फितूर होतं." अ, ब आणि क. त्याआधी कितीतरी बाद झाल्या. विजेवरची गाडी त्यांना मनापासून आवडली होती, पण चार्ज कुठे करणार? आपल्या खिडकीपासून गाडीच्या जागेपर्यंत त्यांनी पावलं मोजली. वायर न्यायची तर वाटेत तुळशीवृंदावन, पोरांचं क्रिकेटचं पिच आणि वाडीचा क्रूस. "तिन्ही देवस्थानं," ते म्हणाले आणि काट मारली. सीएनजीची बाद झाली, कारण डिकीत टाकी, मग टेसीचा वॉकर कुठे ठेवणार? काही गाड्या नुसत्या नावाला हायब्रिड होत्या, त्यांच्यावर त्यांचा विशेष राग. "देवळाबाहेरून कळसाला नमस्कार करून गाभाऱ्यात जाऊन आलो म्हणायचं, त्यातली गत!"

खरी हायब्रिड म्हणजे काय, ते त्यांनी मला माझ्या स्वयंपाकघरात बसून समजावलं. एक पेट्रोलचं इंजिन, एक विजेची मोटर. चढ आला की दोघं मिळून जोर लावतात. सिग्नलला इंजिन झोपतं. गाडी हळू चालली तर मोटर एकटीच ओढते. ब्रेक मारला की वाया जाणारा जोर बॅटरीत साठतो. बाहेरून चार्ज करायला नको.

"म्हणजे सासू आणि सून," मी म्हटलं. "सासू सिग्नलला झोपते, सून हळूहळू सगळं ओढते, आणि आदळआपट झाली की ती मनात साठवून ठेवते."

डॉमनिकराव हसले नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

तर 'अ' म्हणजे लांब, बुटकी हायब्रिड. 'ब' उंच हायब्रिड. 'क' उंचच, पण साधी पेट्रोलची, किमतीला हलकी. तक्त्यात बावीस कॉलम. मायलेज, बॅटरीची हमी, डिकी, दुरुस्ती कुठे होते. गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच, त्या कॉलमचं नाव 'हिंदमाता', कारण पावसाळ्यात तिथे पाणी तुंबतं तेव्हा कोण तरेल ते बघायचं होतं. वॉकरलाही एक कॉलम होता. आणि माझ्या हट्टासाठी एक 'गणपती'. आमचे हे गेल्यापासून लालबागच्या कारखान्यातून घरचा गणपती मीच आणते, मांडीवर पाट घेऊन. दरवर्षी टॅक्सीत मुकुट सांभाळताना माझा जीव जातो. डॉमनिकराव म्हणाले, "बघू की. गाडी आली तर गणपतीला मी आणीन. पण चाचणी व्हायला पाहिजे."

म्हणून आम्ही दोघं परळच्या शोरूमला गेलो. 'अ' आणि 'ब' दोन्ही तिथेच होत्या. मी सत्तरीची, नऊवारी नाही पण काठाची साडी, हातात पाट, पाटावर कळशी, कळशीवर नारळ. उंची बरोबर मूर्तीएवढी. डॉमनिकरावांनी मोजून दिलेली. शोरूममध्ये सायली नावाची गोड मुलगी होती. ती लगबगीनं पुढे आली. "आजी, पूजा गाडी घेतल्यावर करतात."

"पूजा नाही गं, परीक्षा आहे," मी म्हटलं आणि 'अ' मध्ये शिरले. बसता बसता नारळ छताला लागला, घरंगळला आणि सायलीच्या पायावर पडला. 'ब' मध्ये मात्र नारळ जागचा हलला नाही. डॉमनिकरावांनी गुण लिहिले. तरीही बेरजेत 'अ' चार गुणांनी पुढे. "गणपती वर्षातून एकदा, वहिनी. मायलेज रोज."

"आणि टेसी? तिला एकदा बसवून बघा की."

मी चर्चमध्ये शिट्टी वाजवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वापरणाऱ्याला शोरूममध्ये आणायचं?" ते कुजबुजले. "चेहऱ्यावर दिसेल तिच्या! आणि माहितीपत्रकात सगळं आहे. सगळं मोजलंय मी."

सगळं मोजलं होतं खरं. टेसीच्या वॉकरला कॉलम होता. टेसीला नव्हता.

नोव्हेंबर निम्मा सरला. गाडी मिळायलाही वेळ लागणार होता. सोमवारी ते 'अ'चं बुकिंग करणार असं ठरलं. कुठली गाडी ते टेसीला त्यांनी सांगितलं नव्हतं, पण ती खुर्चीत बसून मला म्हणाली, "मालू, गाडी येईल गं. पण मला तिच्यातून बाहेर कोण काढणार? परत चार माणसं?" तेवढं म्हणाली आणि शेंगा सोलू लागली.

मी वर आले आणि सायलीला फोन लावला. माझ्या उतावळेपणानं मला आयुष्यभर खड्ड्यात घातलं, म्हटलं आता एकदा त्याला कामाला लावू. "आजी, आम्ही टेस्ट ड्राइव्हला गाडी घरी आणतो की," ती म्हणाली. "कुठली आणू?"

"दोन्ही हायब्रिड आण. रविवारी सकाळी."

रविवारी डॉमनिकराव आधी चर्च, मग मासळी बाजार करायचे. तीन कोटेशनं म्हणजे दोन तासांची निश्चिंती. ते वाडीबाहेर पडले आणि दहा मिनिटांत सायली आणि तिचा एक सहकारी दोन्ही गाड्या घेऊन आले. क्रूसापाशी एक, तुळशीपाशी एक. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. टेसीनं केस नीट केल्याशिवाय यायला नकार दिला, त्यात पंधरा मिनिटं गेली.

आधी 'अ'. टेसी बसली ती विहिरीत बादली जावी तशी खाली गेली. मग उठायला बघितलं. पुन्हा बघितलं. मी हात पुढे केला.

"हात लावू नकोस, मालू."

तिचे ओठ पांढरे पडले होते. दाराला धरून, सीटच्या कडेवर सरकत, तिची ती बाहेर आली, पण त्याला इतका वेळ लागला की सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. दीड वर्षानं एक बाई दाराबाहेर आली आणि मी तिला सगळ्या वाडीसमोर परत त्याच टॅक्सीत बसवलं.

"पुरे झालं, टेसी. घरी चल."

"दुसरी कशाला आणलीय मग?"

ती 'ब'कडे गेली. वॉकर बाजूला सारला, गाडीकडे पाठ केली आणि बसली. खाली जावं लागलं नाही, वर चढावं लागलं नाही. एक पाय आत घेतला, दुसरा घेतला. मग उतरली. कुणाचा हात नाही. पुन्हा बसली आणि आपल्या हातानं दार लावून घेतलं. थोरली मावशी टोपली डोक्यावर घेऊन फाटकात उभी होती. तिनं तिथूनच जोरात शिट्टी मारली.

आणि तिच्या मागून, आज नेमके लवकर परतलेले डॉमनिकराव, हातात बोंबलांची पिशवी.

ते दोन्ही गाड्यांकडे बघत राहिले, मग सायलीकडे, मग माझ्याकडे. वापरणारा आणि विकणारा समोरासमोर! तिसरा नियम वाडीच्या मधोमध मोडून पडला होता. मी पदर तोंडाला लावला.

"टेसी, उतर," ते म्हणाले.

"नाही उतरणार."

"अगं, भाव..."

"डॉम, ड्रायव्हर कुठाय ते सांग. मला फिलोकडे जायचंय."

तिचा चेहरा सायलीला दिसत होता, गॅलरीतल्या पोरांना दिसत होता, मावशीला दिसत होता. भाव पार संपला होता. डॉमनिकरावांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि टेप काढली. जमिनीपासून सीटपर्यंत मोजलं. घरात जाऊन टेसीचा पलंग मोजून आले. मग 'अ'ची सीट मोजली आणि बराच वेळ टेपवरच्या आकड्याकडे बघत उभे राहिले. "पलंग आणि 'ब', एका बोटाचा फरक," ते हळूच म्हणाले. "हे माहितीपत्रकात नव्हतं, वहिनी."

त्यांनी गाडीच्या टपावर वही उघडली. बावीस कॉलमांच्या पुढे समासात जेमतेम जागा उरली होती. तिथे पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारली, वर लिहिलं 'टेसी', आणि 'ब'पुढे बरोबरची खूण केली. बाकीच्या दोन्ही चौकटी रिकाम्या. बेरीज त्यांनी पुन्हा केलीच नाही.

"सांगितलं का नाहीस गं मला?" त्यांनी टेसीला विचारलं.

"विचारलंस कधी? वॉकरचं माप विचारायचास."

नाताळच्या आदल्या दिवशी 'ब' वाडीतून निघाली. फिलोचं घर बैठं, दारात अंगण. टेसी तिथे भिंतीला धरून चालायला लागली, मग दोघं तिकडचीच झाली. खोल्यांना कुलूप लागलं आणि मला बोंबील आठवायला लागले.

पण 'गणपती' नावाचा कॉलम त्यांनी खोडला नव्हता. पुढच्या भाद्रपदात सकाळी आठला टेसीसकट वसईहून हजर. लालबागहून परत येताना मी मागे, मांडीवर पाट, पाटावर देव, मुकुटावर चार बोटं मोकळी. पुढे टेसी, केस नीट बसवलेले. सिग्नलला इंजिन झोपलं. आत इतकी शांतता झाली की मला जुनी खोडी आठवली.

"डॉमनिकराव, आता तरी सांगा. टेसीच्या वेळी किती कोटेशनं मागवली होती?"

ते आरशातून माझ्याकडे बघेनात, सिग्नलकडे बघत राहिले. पण कान लाल झाले. "खरेदीच्या नियमात एक कलम आहे, वहिनी. जी वस्तू जगात एकाच ठिकाणी मिळते, तिला कोटेशन लागत नाही."

पन्नास वर्षं हे उत्तर त्यांच्या खिशात होतं, टेपच्या शेजारी.

"हिरवा झाला, डॉम," टेसी म्हणाली. "पुढं बघून चालव." आणि खिडकीबाहेर तोंड केलं. चेहरा मला दिसू द्यायचा नव्हता तिला. पण बाजूच्या आरशात दिसलाच.

गणपती उतरवून, आरती घेऊन ते निघाले. वाडीत हॉर्न वाजवायचा नाही हा डॉमनिकरावांचा आणखी एक नियम, आणि गाडी हळू असली की तिचा आवाजच येत नाही. पिचवर पोरं पाठमोरी खेळत होती. तेवढ्यात खिडकीतून टेसीचा हात बाहेर आला आणि तिनं दारावर दोनदा थाप मारली, कंडक्टरच्या डबल घंटीसारखी. पोरं बाजूला झाली. गाडी फाटकापाशी थांबली. डॉमनिकराव उतरले, टेपनं दोन्ही बाजूंची जागा मोजली, परत बसले. मग पुन्हा दोन थापा ऐकू आल्या.